शिकवणाऱ्याच्या वेळेचा हिशेब

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात शिरलात तर लाइनच्या टोकाला एक फलक हमखास दिसतो: स्किल मॅट्रिक्स. एका बाजूला कामगारांची नावं, वरच्या ओळीत ऑपरेशनं आणि प्रत्येक चौकटीत चार भागांत विभागलेला गोल. एक भाग रंगवलेला असला म्हणजे माणसाला कामाची तोंडओळख आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकट्याने करतो. पूर्ण गोल रंगवलेला असला म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, अर्थ साधारण हाच. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या दर्जा-मानकात कामावरच्या प्रशिक्षणासाठी ७.२.२ हे वेगळं कलम आहे, त्यामुळे ऑडिटरला काहीतरी दाखवावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी स्केचपेन घेऊन बसतं आणि फलक ‘अपडेट’ होतो.

पहिल्या तीन भागांना निदान काहीतरी आधार असतो. माणूस मशिनवर उभा राहिलेला दिसतो, त्याचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेले नग, रजिस्टरमध्ये येतं. चौथा भाग मात्र सरळ नोकरीची वर्षं मोजून रंगवला जातो. पंधरा वर्षं टर्निंगवर काढली आहेत ना, मग शिकवेलच की! त्याला शिकवताना कोणी पाहिलेलं नसतं. त्याच्या हाताखालून गेलेली मुलं किती दिवसांत एकट्याने काम करू लागली, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. नवा मुलगा आला की सुपरवायझर म्हणतो, “काकांबरोबर उभा राहा, बघ ते कसं करतात.” संपलं प्रशिक्षण.

शिकवणं हे काम आहे. ते शिकावं लागतं, त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे द्यावे लागतात. या तिन्ही बाबतींत आपली धोरणं आणि आपले कारखाने हात झटकून मोकळे झाले आहेत, असं माझं मत आहे.

सरकारी बाजूने पाहा. ॲप्रेंटिस कायदा १९६१चा. त्याखालच्या नियमांत २०१९ मध्ये बदल झाले. तेव्हापासून ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. या सगळ्यात पैसा शिकणाऱ्यासाठी आहे. त्याबद्दल तक्रार नाही, तो आणखी वाढला तरी चालेल. पण शिकवणाऱ्याच्या तासाची किंमत कोणत्याही रकान्यात नाही.

कायदा अगदीच गप्प आहे असंही नाही. कलम ११ सांगतं की मालक स्वतः त्या व्यवसायात पात्र नसेल तर पात्र माणसाकडे प्रशिक्षणाची जबाबदारी द्यावी आणि शिकवणारा पुरेसा कर्मचारीवर्ग ठेवावा. व्यवहारात ‘पात्र’ म्हणजे ट्रेडचं प्रमाणपत्र आणि अनुभव, एवढंच धरलं जातं. उत्तम फिटर म्हणजे उत्तम शिक्षक, हे आपण गृहीतच धरून टाकलं आहे.

या गृहीतकात चूक कुठे आहे? काम अंगात मुरलं की त्यातले बारकावे करणाऱ्यालाच दिसेनासे होतात. मुरलेला टर्नर (लेथवर काम करणारा) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) धरण्याआधी चकच्या जॉच्या, म्हणजे जबड्याच्या, तोंडावरून बोट फिरवतो, चिप (धातूचा कीस) अडकली नाही ना ते बघायला. त्याला विचारा, जॉब कसा लावतोस? तो सांगेल: जॉब घातला, चक आवळला, दार लावलं, सायकल स्टार्ट. बोट फिरवणं त्याच्या सांगण्यात येतच नाही, कारण तो ते ‘करत’ नाही, ते होतं. शिकणारा मुलगा ऐकलेलं सगळं नीट करतो आणि तिसऱ्या जॉबला रनआउट येतो, म्हणजे जॉब डगमगत फिरतो. मग काका म्हणतात, “लक्ष नाही आजकालच्या पोरांचं.”

या अडचणीवरचा तोडगा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतले जाणते कामगार सैन्यात गेले आणि यंत्रांसमोर कधी न उभी राहिलेली माणसं, त्यात असंख्य स्त्रिया, कामावर आली. १९४० मध्ये तिथल्या सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची यंत्रणा उभी केली. तिने कामगारांना शिकवलं नाही, मुकादम-सुपरवायझरना ‘कसं शिकवायचं’ ते शिकवलं. अभ्यासक्रम एकूण दहा तासांचा: दोन-दोन तासांच्या पाच बैठका, गटात दहाच्या आसपास माणसं आणि प्रत्येकाने आपल्या खात्यातलं खरं काम आणून गटासमोर एखाद्याला शिकवून दाखवायचं. युद्ध संपेपर्यंत १६ लाखांहून जास्त लोकांना यंत्रणेची प्रमाणपत्रं मिळाली होती. युद्धानंतर ही पद्धत जपानला गेली. टोयोटाने ती पन्नासच्या दशकात उचलली आणि आजही धरून ठेवली आहे. अमेरिकेत मात्र १९४५ला यंत्रणा गुंडाळली गेली.

पहिल्याच बैठकीत एक गाठ शिकवली जायची. विजेच्या वायरीला ओढ बसली तरी जोड सुटू नये म्हणून मारतात ती, फायर अंडररायटर्स नॉट. प्रशिक्षक आधी एकाला पुढे बोलावून गाठ नुसती तोंडाने सांगायचा: उजवा पदर डावीकडे घे, मागून फिरव, वगैरे. जमायचं नाही. मग दुसऱ्याला बोलावून एक शब्द न बोलता नुसती मारून दाखवायचा. तरीही जमायचं नाही. आणि मग तीच गाठ पद्धतशीर शिकवायचा. नुसतं सांगणं आणि नुसतं दाखवणं, दोन्ही का अपुरं पडतं ते समोर बसलेल्यांना वीस मिनिटांत कळून चुकायचं. ‘बघ ते कसं करतात’ हे आपलं राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण त्या दुसऱ्या प्रकारात मोडतं.

पद्धतशीर म्हणजे काय, ते एका साध्या कामावर बघू: ४० मिमीचा टर्न केलेला शाफ्ट २५ ते ५० मिमी मोजणाऱ्या मायक्रोमीटरने मोजणं. आधी शिकवणाऱ्याने एका कागदावर तीन रकाने पाडायचे. पहिल्यात कामाचे मुख्य टप्पे, दुसऱ्यात प्रत्येक टप्प्यातली कळीची गोष्ट, तिसऱ्यात तिचं कारण. टप्पे पाच-सहापेक्षा जास्त नकोत. जास्त झाले तर ती एक नव्हे, दोन कामं आहेत. या कामाचा कागद साधारण असा होतो: मायक्रोमीटरची तोंडं पुसणं, २५ मिमीच्या मास्टरवर (नेमक्या मापाच्या तुकड्यावर) शून्य तपासणं, जॉब पुसून मायक्रोमीटर बसवणं, रॅचेटने (ठरलेल्या दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या खुंटीने) आवळणं, वाचणं.

खरा मजकूर दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात असतो. रॅचेटच का, थिंबल (फिरवायची नळी) धरून का नाही? कारण थिंबलने आवळलं की दाब जास्त पडतो, रीडिंग कमी येतं आणि जाड जॉब ओके म्हणून पुढच्या स्टेशनला जातो. स्लीव्हवरची (आतल्या स्थिर नळीवरची) अर्ध्या मिलिमीटरची रेघ का तपासायची? ती नजरेतून सुटली तर ३९.९८ चा जॉब ३९.४८ वाचला जातो. अर्ध्या मिलिमीटरची चूक ही नवशिक्याची सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती घाबरून दोनदा मोजणाऱ्याकडूनही दोन्ही वेळा होते. जॉब मशिनमधून काढल्या काढल्या का मोजायचा नाही? पोलाद एका मीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. ४० मिमीचा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा २५ अंशांनी गरम असेल तर तो ११ ते १२ मायक्रॉन जाड दिसतो. टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, एकूण २० मायक्रॉनचा असेल तर अर्ध्याहून जास्त उष्णतेनेच खाल्ला. मुलगा ऑफसेट, म्हणजे मशिनला दिलेली मापाची दुरुस्ती, मायनस करतो, जॉब थंड झाल्यावर बारीक भरतो. जाड जॉब पुन्हा मशिनवर चढवता येतो, बारीक झालेला भंगारात जातो. हे कारण एकदा नीट सांगितलं की ‘गरम जॉब मोजू नकोस’ असं रोज ओरडावं लागत नाही.

कागद तयार झाल्यावर चार पायऱ्या. पहिली, मुलाला निवांत करणं आणि त्याला आधीच काय येतं ते विचारणं. आयटीआय झालेल्याला व्हर्नियर येत असतो, तिथून सुरुवात केली तर निम्मा वेळ वाचतो. दुसरी, करून दाखवणं, तेही तीनदा: एकदा फक्त टप्पे बोलत, एकदा कळीच्या गोष्टी जोडून, एकदा कारणांसह. तिसरी, त्याच्याकडून करून घेणं. आधी मुकाट्याने करू द्यायचं आणि हात चुकला की तिथल्या तिथे थांबवायचं. मग त्याने टप्पे बोलत, मग कळीच्या गोष्टी, मग कारणं. कारण त्याच्या तोंडून आलं नाही तर शिकवणं झालेलं नाही, मग हात कितीही सफाईने फिरोत. चौथी, त्याला एकटं सोडणं, अडलं तर कोणाकडे जायचं ते नाव घेऊन सांगणं आणि तपासायला आधी दर तासाला, मग शिफ्टमध्ये दोनदा, मग एकदा जाणं.

यात बिघडतं ते बहुधा दोन जागी. एक, माणसं तिसऱ्या पायरीवर “कळलं ना?” असं विचारतात आणि मुलगा “हो सर” म्हणतो. आपल्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच. दुसरं, चौथी पायरी पहिल्या दिवसानंतर कोणाच्या लक्षातच राहत नाही, आणि मुलाने तोवर स्वतःचा एखादा शॉर्टकट पक्का केलेला असतो.

आता कोचिंग, म्हणजे उत्तर न देता प्रश्न विचारून शिकवणं. याच्या कार्यशाळा पुण्यातल्या हॉटेलांत वर्षभर चालू असतात. दोन दिवस, शंभर स्लाइड, ‘ग्रो’ मॉडेल: ध्येय काय, सद्यस्थिती काय, पर्याय कोणते, आता करणार काय. मॉडेल वाईट नाही. वाईट हे की ते कुठे वापरायचं नाही ते सांगितलं जात नाही. ज्याला काम मुळातच येत नाही त्याला “तुला काय वाटतं, कसं करावं?” असं विचारणं हा त्याचा अपमान आहे. सुरक्षेच्या बाबतीत तर तो गुन्हाच मानावा. बेंच ग्राइंडरच्या रेस्टचं (जॉब टेकवायच्या आधाराचं) चाकापासूनचं अंतर ३ मिमीपेक्षा जास्त ठेवायचं नाही. हे सांगायचं, दाखवायचं, कारण द्यायचं आणि तपासायचं. चर्चेचा विषय नाही. प्रश्नांची वेळ नंतर येते, माणसाला हाताचं काम जमल्यावर आणि निर्णय घ्यायची वेळ आल्यावर.

ती वेळ ओळखणं हीच खरी कसोटी. मुलगा येऊन म्हणतो, “सर, साइज वाढतोय. ऑफसेट मारू का?” सुपरवायझरला दहा सेकंदांत उत्तर देता येतं: “मार वीस मायक्रॉन मायनस.” काम भागतं. उद्या तो पुन्हा येतो, परवाही येतो. सुपरवायझर रात्री घरी सांगतो, माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही. त्यात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त असतो, हे कोणी मान्य करणार नाही.

दुसरा मार्ग असा. (इन्सर्ट म्हणजे हत्याराचं बदलता येणारं पातं, एज म्हणजे त्याची धार.)

“शेवटच्या पाच जॉबची रीडिंग सांग.”

“बारा, चौदा, पंधरा, सतरा, एकोणीस.”

“हळूहळू चढतंय की एकदम उडी मारली?”

“हळूहळू.”

“इन्सर्टने किती जॉब काढले?”

“... दोनशेच्या वर झाले सर.”

“बरं, मग?”

“इन्सर्ट झिजलीय. एज फिरवतो.”

“आणि एकदम पाचावरून पंचवीसवर गेलं असतं तर?”

“मग... चिप अडकली असेल, किंवा इन्सर्टची एज उडाली असेल.”

“किंवा चकचा दाब कमी झाला असेल. तेव्हा काय नाही करायचं?”

“ऑफसेट नाही मारायचा.”

दोन मिनिटं लागली. यात एकही प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, सगळे आकड्यांचे आहेत. ‘का केलंस?’ असा प्रश्न मुद्दाम टाळलेला आहे, कारण आपल्याकडे ‘का’ म्हटलं की समोरचा सफाई द्यायला लागतो. हळूहळू चढणं म्हणजे झीज आणि एकदम उडी म्हणजे बिघाड, हा फरक त्या मुलाच्या डोक्यात स्वतःच्या पाच आकड्यांवरून बसला. पुढच्या वेळी तो प्रश्न घेऊन नव्हे, उत्तर घेऊन येईल. सुपरवायझरना हे दहा तासांत शिकवता येतं, पण बसवून नाही. लाइनवर, त्यांच्या शेजारी उभं राहून, त्यांचं प्रत्यक्ष बोलणं ऐकून आणि नंतर पाच मिनिटं त्यावर बोलूनच ते येतं. हॉटेलातल्या कार्यशाळेचं मूल्यमापन शेवटच्या फॉर्मवर होतं आणि फॉर्म भरतात जेवण झाल्यावर. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या सांगून ठेवल्या होत्या: आवडलं का, समजलं का, वागण्यात उतरलं का, कामात फरक पडला का. आपण पहिलीवर समाधानी आहोत.

चूक दाखवण्याबद्दल थोडं. शॉपवर चारचौघांत झापणं ही शिकवण्याची पद्धत समजली जाते. ‘आम्ही पान्याचे फटके खाऊन शिकलो’ हे अभिमानाने सांगणारी पिढी अजून कामावर आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून ६०७ परिणाम तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय दिल्यानंतर कामगिरी घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की बोलणं कामावरून सरकून माणसावर गेलं की असं होतं. “तू बेफिकीर आहेस” यावर माणूस स्वतःचा बचाव करतो. “पाचव्या जॉबला चॅम्फर (कडेचा तिरपा काप) नाही, प्रोग्रॅमची कुठली ओळ बघायची?” यावर तो ओळ बघतो. चूक त्याच शिफ्टमध्ये, जॉब हातात घेऊन, एका वेळी एकच दाखवायची आणि लगेच पुन्हा करून घ्यायचं. यापलीकडे फारसं काही नाही.

मार्गदर्शक, ज्याला हल्ली सगळे मेंटॉर म्हणतात, तो यापेक्षा वेगळा माणूस. तो रोजचं काम शिकवत नाही. नोकरीत पुढे काय करावं, डिप्लोमा पूर्ण करावा का, खातं बदलावं का, वरिष्ठांशी कसं बोलावं, यासाठी तो असतो. म्हणून तो थेट बॉस नसावा. ज्याच्या हातात अप्रेझल आहे त्याला कोणी खरं सांगत नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा पाऊण तास पुरतो. तारीख आधी ठरलेली हवी आणि विषय शिकणाऱ्याने आणायचा. असे उपक्रम बहुतेक दुसऱ्या भेटीनंतर मरतात. पहिल्या भेटीत साहेब आत्मचरित्र सांगतात, दुसऱ्या भेटीत मुलाला बोलायला काही सुचत नाही, तिसरी रद्द होते. शॉपवर येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लागते: भेट शिफ्टच्या वेळेत आणि काचेच्या खोलीत किंवा कॅन्टीनमध्ये ठेवायची. म्हणजे ना तिला अवघडल्यासारखं होतं, ना मार्गदर्शक नको ती भानगड म्हणून तिला टाळतो. टाळतात, आणि मग आकडेवारीत ‘मुलींना रस नाही’ असं येतं.

हे सगळं ठाऊक असूनही होत का नाही? कारण गणित शिकवणाऱ्याच्या विरोधात मांडलेलं आहे.

आठ तासांची शिफ्ट धरा. जेवणाचा अर्धा तास आणि चहाची दहा-दहा मिनिटं दोनदा वजा केली की उरतात ४३० मिनिटं. लोडिंग-अनलोडिंग धरून चार मिनिटांची सायकल असेल तर १०७ जॉब होतात. नॉर्म, म्हणजे शिफ्टचं ठरलेलं उत्पादन, ९५ चा असेल तर वरच्या १२ जॉबवर ऑपरेटरला इन्सेंटिव्ह. आता त्याला सांगा की रोज एक तास या मुलाला शिकव. पंधरा जॉब गेले, तो ९२ वर आला. इन्सेंटिव्हचे बाराही गेले, वर नॉर्म गाठला नाही म्हणून बोलणी खायची. हा माणूस शिकवेल कशाला? तो मुलाला ट्रॉली ओढायला, चिप काढायला आणि चहा आणायला पाठवणार. वस्तादाने हातचं राखून ठेवलं असं आपण म्हणतो. बऱ्याचदा त्याने फक्त पगार राखलेला असतो. तालमीतल्या वस्तादाला दिवसभरात दुसरं काम नसतं, त्याची ओळखच त्याच्या पठ्ठ्यांवरून होते. कारखान्यातल्या वस्तादाला आपण कुस्तीही खेळायला लावतो आणि त्याच वेळी शिकवायलाही सांगतो.

यावरची पहिली दुरुस्ती अगदी कारकुनी आहे. उत्पादनाच्या नोंदीत मशिन का थांबलं यासाठी कोड असतात: सेटिंग, टूल चेंज, नो मटेरियल, नो ऑपरेटर. त्यात ‘प्रशिक्षण’ हा कोड घाला आणि त्या तासाला इन्सेंटिव्ह आधीच्या महिन्याच्या सरासरीने द्या. खर्च होईल. तो आजही होतोच आहे, फक्त रिजेक्शन आणि रिवर्कच्या नावाखाली होतो. दुसरी दुरुस्ती: मॅट्रिक्समधला चौथा भाग रंगवण्याआधी त्या माणसाने एक काम, त्याच्या स्वतःच्या तीन रकान्यांच्या कागदावरून, ते काम न येणाऱ्या एखाद्याला पंधरा-वीस मिनिटांत शिकवून दाखवावं आणि शिकलेल्याने ते कारणांसह करून दाखवावं. ग्राहक कंपन्यांच्या ऑडिटरनी कागद मागण्याऐवजी हे प्रात्यक्षिक मागितलं तर वर्षभरात चित्र बदलेल. तसं त्यांनी मागावं असं वाटतं खरं, पण त्यांच्या यादीत ते नाही.

इथे व्यवस्थापनाकडून ‘सत्तर-वीस-दहा’चं सूत्र पुढे केलं जातं: सत्तर टक्के शिकणं कामातूनच होतं, वीस टक्के इतरांकडून, दहा टक्के वर्गात. मग वेगळा तास कशाला? ही वाटणी १९८०च्या दशकात यशस्वी अधिकाऱ्यांना ‘तुम्ही कशातून शिकलात’ असं विचारून काढलेली आहे, तीही त्यांच्या आठवणीवरून. ग्राइंडिंगवर काल आलेल्या मुलाला ती लावणं म्हणजे त्याला त्याच्या नशिबावर सोडणं.

धोरणाचं काय? जर्मनीत शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या कंपनीत शिकवणाऱ्याची पात्रता सांगणारा नियम १९७२ पासून आहे. ट्रेडचं ज्ञान वेगळं आणि शिकवण्याची परीक्षा वेगळी. तीन तासांचा लेखी पेपर आणि अर्ध्या तासापर्यंतचं प्रात्यक्षिक. गंमत म्हणजे २००३ मध्ये जर्मन सरकारने हा नियम स्थगित केला. अट सैल केली की जास्त कंपन्या मुलं घेतील, असा हिशेब होता. दर्जाबद्दल तक्रारी वाढल्या आणि २००९ मध्ये नियम परत आला. आपल्याकडे अशी परीक्षा उद्या लागू केली तर महिन्याभरात तिची गाइडं आणि तिची प्रमाणपत्रं बाजारात मिळू लागतील, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून लेखी परीक्षा नको. सुरुवात अनुदानापासून करावी. ज्या उमेदवारामागे सरकार दरमहा १,५०० रुपये देतं त्याच्या करारात शिकवणाऱ्याचं नाव असावं, एका नावामागे तीनपेक्षा जास्त उमेदवार नसावेत आणि त्या नावाने दहा तासांचा अभ्यासक्रम पुरा केलेला असावा. सरकारी कार्यालयांत युवा कार्य प्रशिक्षणार्थी बसतात तिथेही हेच. नाहीतर पदवीधर मुलगा कित्येक महिने आवक-जावक नोंदवतो, झेरॉक्स काढतो आणि अनुभवाचा दाखला घेऊन घरी जातो.

छोट्या कारखानदाराचा आक्षेप सर्वांत खरा आहे. भोसरीतला आठ माणसांचा जॉबवर्कवाला किंवा शिरोलीतली छोटी फाउंड्री म्हणेल, शिकवून तयार केला की पोरगा दीड हजार जास्त मिळाले म्हणून शेजारच्या गाळ्यात जातो, मी का खर्च करू? तो जातो हे खरं. पण न शिकवलेलाही जातो, बहुधा त्याच्याही आधी, कारण तीन महिने झाडू आणि ट्रॉली यांच्यापलीकडे त्याच्या हाती काही लागलेलं नसतं. शिवाय शेजारच्या गाळ्यातूनही कोणीतरी इकडे येतोच, आणि तो कसा शिकलेला आहे यावर यांचं रिजेक्शन ठरतं. म्हणून हा खर्च एकट्या गाळ्याचा नव्हे, वसाहतीचा आहे. औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजक संघटनांनी जवळच्या आयटीआयबरोबर तो वाटून घ्यावा: साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोन तास, पाच आठवडे, दहा कारखान्यांतून एकेक माणूस. प्रत्येकाने आपलं खरं काम आणायचं. अभ्यासक्रम मराठीत आणि हिंदीत हवा. मशिनवर चिकटवलेली इंग्रजी कार्यसूचना चाकणच्या लाइनवरचा बिहार-ओडिशाचा मुलगा वाचत नाही आणि बीडचाही वाचत नाही. तीन रकान्यांचा कागद शिकवणाऱ्याच्या हस्ताक्षरात, सोबत मोबाइलने काढलेले दोन फोटो, एवढं पुरतं. टाइप करून लॅमिनेट केला की पुढच्या वेळी त्यात दुरुस्ती करायला कोणी धजावत नाही.

पहिल्या वर्षी मोजायच्या गोष्टी तीन. नवा मुलगा मदतीशिवाय काम करायला किती शिफ्ट घेतो, त्याच्या पहिल्या तीन महिन्यांतलं रिजेक्शन किती आणि सहा महिन्यांच्या आत किती जण सोडून गेले. हे आकडे कारखान्यात आजही वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये असतात, ते शिकवणाऱ्याच्या नावासमोर मांडले की झालं. मात्र पहिलं वर्षभर ते त्याच्या पगाराशी किंवा इन्सेंटिव्हशी जोडू नयेत. जोडले तर पहिल्याच महिन्यात मुलाचे खराब जॉब बाकाखाली जायला लागतील.